सस्कॅचेवानच्या सपाट प्रदेशात व्यापारी व औद्योगिक मालमत्ता विकत घेताना

कॅनडातील रेजायना शहराच्या ईशान्येस असलेल्या रॉस औद्योगिक वसाहतीत एखादी पत्र्याची शेड विक्रीला निघते, आणि शहराची हद्द ओलांडून शेरवूडच्या ग्रामीण पालिकेत शिरले की जवळपास तशीच, परंतु कितीतरी मोठे आवार असलेली शेड कमी किमतीत मिळताना दिसते. भारतातून गेलेल्या खरेदीदाराला दुसरा सौदा उघडच फायद्याचा वाटतो, कारण आपल्याकडे किंमत मुख्यतः जमिनीची असते आणि बांधकाम दुय्यम मानले जाते. कॅनडाच्या प्रेअरी, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशाच्या, प्रांतांत हा हिशेब उलटा आहे. तेथे जमीन मुबलक आहे. किंमत ठरते ती त्या जमिनीपर्यंत पोहोचलेल्या पाण्यावर आणि सांडपाण्याच्या नळावर, विजेच्या जोडणीवर, समोरच्या रस्त्याच्या वजनमर्यादेवर, मातीच्या स्वभावावर आणि त्या आवारात मागील पन्नास वर्षांत काय सांडले आहे यावर. यातले जवळजवळ काहीच जाहिरातीतील छायाचित्रात दिसत नाही. पुढील मांडणीत सस्कॅचेवान हा प्रांत मध्यवर्ती धरला आहे. शेजारच्या अल्बर्टा आणि मॅनिटोबा प्रांतांचे नियम जेथे लक्षणीय वेगळे आहेत, तेथे तसा उल्लेख केला आहे.

आपण कोण आहोत आणि कशासाठी घेतो आहोत

पहिली पायरी मालमत्ता पाहण्याची नाही. स्वतःच्या धंद्यासाठी जागा हवी आहे, भाड्याच्या उत्पन्नासाठी हवी आहे, की मोटेल किंवा पेट्रोलपंपासारखा चालता धंदा जागेसह घ्यायचा आहे, हे आधी कागदावर लिहून काढावे. तिसऱ्या प्रकारात आपण खरे तर तीन वस्तू एकत्र विकत घेत असतो: स्थावर मालमत्ता, यंत्रसामग्री आणि धंद्याचे नाव. या तिन्हींचे करनियम वेगळे असल्याने एकूण किमतीची विभागणी करारात स्पष्ट करावी लागते. उदाहरणार्थ, सस्कॅचेवानमध्ये वापरलेल्या फर्निचरवर आणि उपकरणांवर ६ टक्के प्रांतिक विक्रीकर लागतो, जमिनीवर मात्र लागत नाही.

परदेशी खरेदीदारावरील निर्बंधांविषयी बराच गोंधळ आढळतो. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेली आणि पुढे २०२७ च्या आरंभापर्यंत वाढवलेली केंद्रीय बंदी निवासी मालमत्तेपुरती आहे. दुकान, गोदाम किंवा कारखाना तिच्या कक्षेत येत नाही. खरी अडचण शहराच्या कडेच्या जमिनीची आहे. तेथील अनेक भूखंड 'औद्योगिक होणार' म्हणून विकले जातात, परंतु कायद्याच्या नजरेत ती अजून शेतजमीनच असते. सस्कॅचेवानच्या शेती-सुरक्षा कायद्यानुसार कॅनडाबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला, तसेच पूर्णतः कॅनेडियन मालकीच्या नसलेल्या कंपनीला, एकूण १० एकरांपेक्षा अधिक शेतजमीन धारण करता येत नाही. अल्बर्टात ही मर्यादा दोन भूखंड मिळून २० एकर आणि मॅनिटोबात ४० एकर आहे. पुण्यातला भाऊ आणि सस्काटूनमधली बहीण मिळून कंपनी काढणार असतील, तर भागभांडवलाची रचना वकिलाला दाखवूनच ठरवावी.

भारतातून पैसे पाठवणाऱ्या निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच रक्कम पाठवता येते, आणि कॅनडातील बँक व वकील दोघेही त्या पैशाचा उगम विचारतात. आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते: मालमत्ता खरेदी केल्याने कॅनडात राहण्याचा किंवा काम करण्याचा कोणताही हक्क मिळत नाही. असे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थाशी तिथेच बोलणे थांबवावे.

शहर की ग्रामीण पालिका

रेजायनाभोवती शेरवूड आणि सस्काटूनभोवती कॉर्मन पार्क या ग्रामीण पालिका आहेत. स्थानिक लोक त्यांना नुसते 'आरएम' म्हणतात. रेजायना शहरात रॉस, तर सस्काटूनमध्ये उत्तरेकडील मार्क्विस असे स्थिरावलेले औद्योगिक भाग आहेत. सस्काटून महापालिका स्वतःच भूखंड विकसित करून विकते, त्यामुळे तेथे रिकाम्या प्लॉटच्या भावाचा अंदाज घेणे तुलनेने सोपे जाते. रेजायनाच्या पश्चिमेस रेल्वेच्या कंटेनर स्थानकाशेजारी वसवलेले ग्लोबल ट्रान्सपोर्टेशन हब आहे, आणि त्याच धर्तीवर मॅनिटोबातल्या विनिपेगला विमानतळाला लागून सुमारे २०,००० एकरांचे सेंटरपोर्ट आहे, ज्याचा मोठा भाग रॉसर या ग्रामीण पालिकेत येतो. तेलक्षेत्रातल्या सेवा-उद्योगांसाठी एस्टेव्हन आणि लॉइडमिन्स्टर ही गावे महत्त्वाची आहेत. यांपैकी लॉइडमिन्स्टरच्या मधूनच दोन प्रांतांची सीमा जाते; रस्ता ओलांडला की कायदा बदलतो, आणि अल्बर्टात प्रांतिक विक्रीकरच नसल्यामुळे सस्कॅचेवानच्या बाजूलाही बहुतेक वस्तूंवर तो माफ ठेवावा लागला आहे.

ग्रामीण पालिकेत मालमत्ता कर सहसा कमी पडतो आणि आवार मोठे मिळते, यात खोटे काही नाही. परंतु तेथे पाणी कदाचित विहिरीचे किंवा टँकरने आणून टाकीत साठवलेले असेल, सांडपाण्यासाठी सेप्टिक टाकी असेल, आणि अग्निशमन दल दूर असल्याने विम्याचा हप्ता वाढलेला असेल. दहा कामगारांच्या वेल्डिंग कारखान्याला हे चालून जाते. अन्नप्रक्रियेच्या उद्योगाला चालत नाही. म्हणून कराच्या बचतीशेजारी विमा, पाणी आणि सांडपाणी उपसण्याचा वार्षिक खर्च लिहून मगच तुलना करावी.

भाव वाचतानाही सावध राहावे. भाडे दर चौरस फुटाला सांगितले जाते, पण ते वर्षाचे असते. मुंबई-पुण्याकडे महिन्याचा दर ऐकण्याची सवय असलेल्या माणसाने '१२ डॉलर फूट' ऐकून मनात बारा महिन्यांनी गुणले, तर पुढचा सगळा हिशेब बारापट चुकतो. शिवाय हे भाडे बहुधा निव्वळ असते, म्हणजे मालमत्ता कर, विमा आणि सामाईक देखभाल यांचा खर्च भाडेकरू त्यावर वेगळा भरतो. जमीन एकरांत मोजली जाते, मात्र विकास शुल्क पुष्कळदा हेक्टरवर आकारले जाते. आपल्या चाळीस गुंठ्यांचा एकर तेथेही तोच आहे.

मालकीचा कागद कसा वाचावा

महाराष्ट्रात सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखते आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट यांची साखळी जुळवून मालकी सिद्ध करावी लागते, आणि इतके करूनही सरकार त्या मालकीची हमी देत नाही. प्रेअरी प्रांतांत टॉरेन्स पद्धत आहे. नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि नोंदणीतल्या चुकीमुळे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. सस्कॅचेवानमध्ये ही नोंदवही इन्फर्मेशन सर्व्हिसेस कॉर्पोरेशन, म्हणजे आयएससी, चालवते. कागदी मालकीपत्रे तेथे आता इतिहासजमा झाली असून सर्व शोध संगणकावर, थोड्या शुल्कात होतो. तो शोध ऑफर देण्यापूर्वी स्वतः करावा. विक्रेत्याने दिलेली जुनी प्रत पुरेशी मानू नये.

ग्रामीण भागातील जमिनीचे वर्णन वाचता येणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात केंद्र सरकारने या प्रदेशाची चौकटी मोजणी केली. सहा मैल गुणिले सहा मैलांचे टाउनशिप, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा, आणि त्याचा चौथा हिस्सा १६० एकरांचा, तोच 'क्वार्टर'. सेक्शनचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यापासून सुरू होऊन नागमोडी वर चढत जातात. त्यामुळे 'ईशान्य क्वार्टर, सेक्शन १४, टाउनशिप १७, रेंज २०, दुसऱ्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस' एवढ्या वर्णनावरून नकाशावर नेमकी जागा सापडते; यात रेंज म्हणजे टाउनशिपचा उत्तर-दक्षिण पट्टा. शहरातील प्लॉटला मात्र लॉट, ब्लॉक आणि आराखडा क्रमांक असतो.

शोधात तीन बाबी विशेष पाहाव्यात. पहिली म्हणजे खनिजांची मालकी. ती जमिनीच्या पृष्ठभागापासून वेगळी नोंदलेली असते आणि आपण बहुधा फक्त पृष्ठभागच विकत घेत असतो. दुसरी म्हणजे जमिनीवरील नोंदलेले हितसंबंध: गहाण, भाडेपट्टे, वीज आणि वायू कंपन्यांचे मार्गाधिकार, कंत्राटदारांचे थकबाकीचे दावे. मार्गाधिकाराची नोंद दिसली, तर तिचा मूळ दस्तऐवज मागवून वाचावा, कारण ज्या पट्ट्यातून वायूची उच्चदाब नलिका जाते त्यावर शेड वाढवता येत नाही, आणि नेमका तोच पट्टा आपण भविष्यातील विस्तारासाठी मनात धरलेला असतो. तिसरी बाब मोजणीची. इमारत, कुंपण आणि पोचरस्ता हद्दीच्या आत आहेत की नाही हे दाखवणारा ताजा भूमापन अहवाल विक्रेत्याकडून मागावा. तो नसेल, तर त्याचा खर्च कोण करणार हे करारात लिहावे.

अल्बर्टात याखेरीज जुन्या, बंद केलेल्या तेलविहिरी तपासाव्या लागतात. तेथे अशा विहिरीपासून बांधकाम किमान ५ मीटर दूर ठेवण्याचा नियम आहे आणि दुरुस्तीच्या यंत्रासाठी वाट मोकळी ठेवावी लागते.

वापराची परवानगी

सस्कॅचेवानमध्ये नियोजनाचा पाया २००७ चा नियोजन व विकास कायदा आहे. प्रत्येक पालिकेच्या झोनिंग उपविधीत एखादा वापर थेट परवानगीचा, परिषदेच्या विवेकाधीन, किंवा निषिद्ध असतो. रेजायनात हलका औद्योगिक, जड औद्योगिक आणि दर्शनी मांडणीच्या कडक अटी असलेला 'प्रेस्टिज' असे विभाग आहेत. 'येथे आधीपासून गॅरेज चालते' हे पुरेसे उत्तर नाही, कारण ते गॅरेज नियम बदलण्यापूर्वीचे असू शकते आणि धंदा काही काळ बंद राहिला की तो जुना हक्क संपुष्टात येऊ शकतो. पालिकेच्या नियोजन विभागाला आपला नेमका वापर लिहून कळवावा आणि उत्तर लेखी घ्यावे. रेजायनाखालील भूजलसाठ्यांच्या रक्षणासाठी वेगळे आच्छादन-क्षेत्रही आहे. तेथे इंधन किंवा रसायने साठवण्यावर आणि खोल खोदण्यावर बंधने येतात, म्हणून ट्रक दुरुस्ती किंवा इंधनविक्रीचा विचार असेल तर हा नकाशा सर्वांत आधी उघडावा.

रिकाम्या भूखंडाच्या बाबतीत विकास शुल्क भरलेले आहे का, हा प्रश्न विसरू नये. 'सेवायुक्त' या शब्दाचा अर्थ रस्त्याच्या कडेला नळ आहे, की नळ प्लॉटमध्ये आला आहे, की शुल्कही चुकते झाले आहे, हे प्रत्येक विक्रेता आपापल्या सोयीने ठरवतो.

माती, थंडी आणि आवार

हा भाग मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण भारतातला अनुभव येथे सर्वांत कमी उपयोगी पडतो.

रेजायना हे हिमयुगाच्या अखेरीस असलेल्या एका विशाल सरोवराच्या तळावर वसले आहे, आणि विनिपेग ॲगासिझ या त्याहून मोठ्या सरोवराच्या तळावर. त्या सरोवरांनी मागे ठेवलेली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत घर बांधलेल्या माणसाला याची कल्पना असते. फरक इतकाच की येथे त्यात दोन मीटरच्या आसपास खोल जाणाऱ्या गोठणीची भर पडते. त्यामुळे चांगली औद्योगिक इमारत खोल खांबांवर, म्हणजे पाइल्सवर, उभी असते, आणि जमिनीवर टेकलेली काँक्रीटची लादी मात्र स्वतंत्रपणे वरखाली होते. शेडमध्ये शिरल्यावर लादीच्या भेगा, दारांच्या चौकटीतील तिरकेपणा आणि आतल्या भिंतींच्या वरच्या कडेची फट पाहावी. लादी हलणे हे तेथे रोजचे दुखणे आहे आणि ते सोसता येते. पण मुख्य खांब आणि तुळया हलल्या असतील, तर संरचना अभियंत्याच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नये. पूर्वी कोणत्या पायावर बांधकाम झाले, हे पालिकेच्या बांधकाम परवान्याच्या फायलीत सापडते.

पाहणी शक्यतो दोनदा करावी, एकदा कडक हिवाळ्यात आणि एकदा बर्फ वितळताना. उणे तीस अंशांत वर सरकणारी मोठी दारे नीट बसतात का, छतावर टांगलेले वायूचे हीटर शेड खरोखर उबदार ठेवतात का, नळ बाहेरच्या भिंतीतून गेले आहेत का, हे जानेवारीतच कळते. मागील दोन हिवाळ्यांची वायूची बिले मागावीत. मार्च-एप्रिलमध्ये आवाराची परीक्षा होते. जुलैमध्ये दगडासारखे भासणारे खडीचे आवार वितळणीच्या दिवसांत ट्रकची चाके गिळते, आणि कोपऱ्यात उन्हाळ्यात कोरडा दिसणारा खोलगट भाग तळे होतो. अशी नैसर्गिक तळी, ज्यांना तेथे 'स्लू' म्हणतात, मनात आले म्हणून बुजवता किंवा उपसता येत नाहीत. त्यासाठी प्रांतिक जल प्राधिकरणाची मंजुरी लागते. याच दिवसांत अनेक रस्त्यांवर वजनावर वसंतकालीन निर्बंध येतात. आपला धंदा जड वाहतुकीचा असेल, तर समोरचा रस्ता बारमाही पूर्ण वजनाचा आहे का, हे विचारल्याशिवाय भावाची बोलणी करू नयेत. नाहीतर वर्षातले काही आठवडे अर्ध्या भाराने गाड्या हाकाव्या लागतील.

इमारतीच्या आत लक्ष द्यायच्या गोष्टी थोड्या, पण महाग आहेत. छताची स्वच्छ उंची किती, दारे जमिनीच्या पातळीला आहेत की ट्रकच्या पातळीला, त्रिकल (थ्री-फेज) वीज आहे का आणि दाब किती. कॅनडात जड उद्योगासाठी ६०० व्होल्टची पद्धत आहे, त्यामुळे भारतातून आणलेले ४१५ व्होल्टचे यंत्र ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणार नाही. जोडणी वाढवायची असल्यास सस्कपॉवर या सरकारी कंपनीकडून अंदाजपत्रक आणि लागणारा काळ दोन्ही लेखी घ्यावे. गाड्या धुण्याची किंवा दुरुस्तीची जागा असेल, तर जमिनीतील गटाराला तेल अडवणारी टाकी आहे का आणि ती शेवटची कधी उपसली, हेही विचारावे.

जमिनीत काय मुरले आहे

प्रेअरी गावांत पेट्रोलपंप, शेतीयंत्रांची दुकाने, कीटकनाशकांची गोदामे, धान्याचे एलिव्हेटर (धान्य साठवून रेल्वेत भरणारी उंच कोठारे) आणि रेल्वेचे जुने फाटे हे सगळे एकाच मुख्य रस्त्यावर असत. आज तिथे फर्निचरचे दुकान असले, तरी खाली जुनी इंधनटाकी पुरलेली असू शकते. दूषित जमिनीची जबाबदारी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते आणि सफाईचा खर्च कधीकधी मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त होतो. माझ्या मते यात काटकसर करणारा खरेदीदार जुगार खेळत असतो.

तपासणीचे टप्पे ठरलेले आहेत. पहिल्या टप्प्यात, कॅनडाच्या झेड७६८ मानकानुसार, तज्ज्ञ जुनी हवाई छायाचित्रे, अग्निविम्याचे नकाशे, शहराच्या जुन्या निर्देशिका आणि सरकारी नोंदी तपासतो, जागेवर फिरतो, माहीतगारांशी बोलतो. माती मात्र उकरत नाही. यात शंका निघाली, तर झेड७६९ नुसार दुसऱ्या टप्प्यात छिद्रे पाडून माती आणि भूजलाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. तिसरा टप्पा दूषिताची व्याप्ती मोजण्याचा आणि सफाईचा. विक्रेत्याकडे जुना अहवाल असेल तर तो आनंदाने घ्यावा, पण त्यावर विसंबू नये: तो दुसऱ्या कोणासाठी लिहिलेला असतो, आणि अहवालावर विसंबण्याचा हक्क देणारे पत्र नसेल तर आपल्याला व आपल्या बँकेला त्यावर बोट ठेवून काही मागता येत नाही. शेजारचा प्लॉट पंपाचा असेल, तर आपली जागा निर्मळ असूनही भूजलातून तेल सरकून आलेले असू शकते. तज्ज्ञाला हे स्वतंत्रपणे पाहायला सांगावे. जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉस आणि माळ्यावरील व्हर्मिक्युलाइट या उष्णतारोधक खनिजाचे भरण वेगळे तपासून घ्यावे, कारण पहिल्या टप्प्याच्या अहवालात ते तपासलेले असेल असे गृहीत धरता येत नाही.

किमतीचा आणि कर्जाचा हिशेब

एक कल्पित उदाहरण घेऊ. १०,००० चौरस फुटांची शेड, वार्षिक १२ डॉलर निव्वळ भाडे, म्हणजे १,२०,००० डॉलर उत्पन्न, आणि विक्रेत्याची मागणी १६ लाख डॉलर. जाहिरातीत याला साडेसात टक्के परतावा म्हटले जाईल. आता काही काळ रिकामे राहणे, देखरेख आणि छताची राखीव रक्कम यांसाठी १०,००० डॉलर वजा केले, की उरतात १,१०,०००. किमतीच्या ७५ टक्के, म्हणजे १२ लाखांचे कर्ज, पंचवीस वर्षांच्या परतफेडीने साडेसहा टक्के व्याजावर घेतल्यास वर्षाचे हप्ते सुमारे ९७,००० डॉलर होतात. उत्पन्नाचे हप्त्याशी प्रमाण १.१३ च्या जवळ येते, आणि बँका साधारणपणे १.२ ते १.२५ ची अपेक्षा ठेवतात. म्हणजे जाहिरातीच्या आकड्यावर बसणारे कर्ज खऱ्या आकड्यावर बसत नाही. अशा वेळी किंमत खाली आणावी किंवा स्वतःचे भांडवल वाढवावे लागते. परतफेड पंचवीस वर्षांची असली तरी व्याजदराची मुदत बहुधा पाच वर्षांचीच असते, हेही ध्यानात असू द्यावे. स्वतःच्या धंद्यासाठी जागा घेणाऱ्याने बिझनेस डेव्हलपमेंट बँक ऑफ कॅनडा या सरकारी बँकेकडेही चौकशी करावी. तिच्या अटी व्यापारी बँकांपेक्षा काही बाबतींत लवचीक असतात.

किमतीचे स्वतंत्र मूल्यमापन एएसीआय ही व्यापारी मालमत्तेच्या मूल्यमापनाची पदवी असलेल्या मूल्यमापकाकडून करून घ्यावे. निवासी घरांपुरती पात्रता असलेला मूल्यमापक या कामाचा नव्हे. या सपाट प्रदेशात 'शेजारी मोठा प्रकल्प येतो आहे' या एका वाक्यावर भाव कसे चढतात, याचे जाहीर उदाहरण ग्लोबल ट्रान्सपोर्टेशन हबचेच आहे. त्या प्राधिकरणाने २०१४ मध्ये २०४ एकर जमीन सुमारे २.१ कोटी डॉलरना, म्हणजे एकरी सुमारे १,०३,००० डॉलरना घेतली, आणि प्रांताच्या लेखापरीक्षकांनी २०१६ च्या विशेष अहवालात ही खरेदी आर्थिक जबाबदारीने झाली नसल्याचे म्हटले. पोलीस तपासातून कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. परंतु सरकारी संस्थेकडून भावात चूक होते, तर वैयक्तिक खरेदीदाराने किती जपावे हे वेगळे सांगायला नको.

भाडेकरूसह मालमत्ता घेताना मूळ भाडेकरार पूर्ण वाचावेत आणि प्रत्येक भाडेकरूकडून भाडे किती, मुदत कधीपर्यंत, ठेव किती आणि मालकाशी वाद आहे का, हे सांगणारे सहीचे निवेदन घ्यावे. पाच हजार वस्तीच्या गावात एकच भाडेकरू असलेली खास बांधणीची इमारत कितीही आकर्षक परतावा दाखवत असली, तरी तो भाडेकरू गेला की ती दोन-दोन वर्षे रिकामी पडू शकते.

ऑफर, अटी आणि मुदती

महाराष्ट्रातले साठेखत आणि तेथील ऑफर यांत ढोबळ साम्य आहे, पण तेथे ऑफर स्वीकारली गेली की ती लगेच बंधनकारक होते. 'टोकन दिले, बघू पुढे' असा मधला टप्पा नाही. इसाराची रक्कम विक्रेत्याच्या हातात न देता दलालाच्या किंवा वकिलाच्या विश्वस्त खात्यात ठेवावी. ऑफरमध्ये खरेदीदाराच्या अटी लिहिल्या जातात: कर्जमंजुरी, पर्यावरणीय अहवाल, संरचनेची पाहणी, झोनिंगची खातरजमा, भाडेकरारांची छाननी. प्रत्येक अटीला तारीख असते, आणि त्या तारखेपर्यंत अट पूर्ण झाल्याचे लेखी कळवले नाही तर करार सहसा आपोआप संपतो. दुसऱ्या टप्प्यातल्या मातीच्या चाचणीला अनेक आठवडे लागतात आणि गोठलेल्या जमिनीत काम रेंगाळते, म्हणून पर्यावरणाच्या अटीला साठ दिवसांहून कमी मुदत स्वीकारू नये आणि मुदतवाढीचा हक्क आधीच लिहून घ्यावा. 'जशी आहे तशी' हे शब्द विक्रेत्याच्या मसुद्यात असतील, तर वकिलाने निदान जमिनीच्या प्रदूषणाबाबत विक्रेत्याकडून स्पष्ट निवेदन मागावे. दोन्ही बाजूंचा एकच दलाल असणे कायद्याला मान्य असले, तरी नवख्या खरेदीदाराने स्वतःचा वेगळा दलाल नेमावा.

कर आणि नोंदणी

व्यापारी मालमत्तेच्या विक्रीवर ५ टक्के केंद्रीय वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू होतो. १६ लाखांवर हे ८०,००० डॉलर होतात आणि अनेकांना ते शेवटच्या आठवड्यात आठवतात. खरेदीदार स्वतः जीएसटीसाठी नोंदणीकृत असेल, तर विक्रेत्याला तो कर गोळा करावा लागत नाही. खरेदीदार आपल्या विवरणपत्रात तो दाखवतो आणि जागा पूर्णतः करपात्र धंद्यासाठी असल्यास त्याच वेळी वजावट घेतो. म्हणून ताब्याच्या तारखेपूर्वी, ज्या नावावर मालमत्ता घेणार त्याच व्यक्तीची किंवा कंपनीची नोंदणी पूर्ण असली पाहिजे.

नोंदणीचा खर्च प्रांताप्रमाणे बदलतो. सस्कॅचेवानमध्ये हस्तांतरणासाठी किमतीच्या ०.४ टक्के शुल्क लागते. अल्बर्टात हस्तांतरण कर नाही, केवळ नोंदणी शुल्क आहे. मॅनिटोबात मात्र टप्प्याटप्प्याने वाढणारा कर असून २,००,००० डॉलरच्या वरच्या रकमेवर तो २ टक्के आहे. मालमत्ता कराची पद्धतही निराळी: सस्कॅचेवानमध्ये व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या मूल्याचे ८५ टक्के, तर मॅनिटोबात ६५ टक्के करपात्र धरले जातात. सस्कॅचेवानमध्ये फेरमूल्यांकन चार वर्षांनी होते आणि शेवटचे २०२५ मध्ये झाले, त्यामुळे विक्रेत्याची त्याआधीची कराची बिले आता उपयोगाची नाहीत.

विक्रेता कॅनडाचा रहिवासी आहे की नाही, हे वकिलाने लेखी तपासलेच पाहिजे. तो अनिवासी असेल आणि त्याने महसूल खात्याचे प्रमाणपत्र आणले नसेल, तर त्याचा कर आपल्याकडून वसूल होऊ शकतो. ही रक्कम जमिनीसाठी किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढी आणि घसारा मिळणाऱ्या इमारतीसाठी निम्म्याएवढी असू शकते. उलट आपणच भारतात राहून भाडे घेणार असू, तर भाडेकरूला किंवा व्यवस्थापकाला एकूण भाड्याच्या २५ टक्के रक्कम कापून सरकारजमा करावी लागते. निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय कॅनडाच्या आयकर कायद्यातील कलम २१६ खाली आहे, आणि तो बहुतेकांना फायद्याचा ठरतो, पण त्यासाठी वेळेत विवरणपत्र द्यावे लागते, आणि कपातही निव्वळ रकमेवरच व्हावी असे वाटत असेल तर आधी अर्ज करावा लागतो.

ताबा घेताना

ताब्याच्या दिवशी पैसे, हस्तांतरण आणि कर्जाची कागदपत्रे वकिलांमार्फत फिरतात; खरेदीदाराला निबंधकासमोर उभे राहावे लागत नाही. त्या वर्षाच्या मालमत्ता कराची दिवसांप्रमाणे वाटणी होते. आदल्या दिवशी जागा पुन्हा पाहून विक्रेत्याने भंगार, जुने टायर आणि तेलाची पिंपे उचलली आहेत का, याची खात्री करावी. ती तशीच राहिली तर विल्हेवाटीचा खर्च आपला. वीज, वायू आणि पाण्याची खाती त्याच तारखेपासून आपल्या नावावर घ्यावीत, कारण नोव्हेंबरमध्ये वायूजोडणी दोन दिवस जरी बंद राहिली तरी नळ फुटतात. विमा ताब्याच्या क्षणापासून सुरू हवा. पॉलिसीत इमारत रिकामी राहिल्यास संरक्षण किती दिवसांनी कमी होते, ते कलम शोधून वाचावे. ही मुदत पुष्कळदा केवळ तीस दिवसांची असते. भाडेकरू मिळेपर्यंत जागा रिकामी राहणार असेल, तर विमा कंपनीला आधी लेखी कळवावे, पाण्याचा मुख्य नळ बंद करून वाहिन्या रिकाम्या कराव्यात, आणि हिवाळाभर ठरावीक दिवसांनी आत जाऊन तापमान तपासणारा माणूस नेमून त्याची नोंदवही ठेवावी.